लुईच्या बाबांना कोणी रागावलं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : तालुक्याच्या गावी राहणारी एक आई लिहिते. मुलगा नऊ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. चार वर्षांचा असताना आजोबांच्या उशाशी असलेली चुन्याची ट्यूब त्याने खेळता खेळता दाबली. ती फुटली आणि चुना दोन्ही डोळ्यांत गेला. दोन ऑपरेशनं झाली, पण आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. वर्गात ऐकून सगळं पाठ करतो. लिहिता-वाचता येत नाही. गावची शाळा चौथीपर्यंतच आहे, त्यामुळे जूनमध्ये काहीतरी ठरवावंच लागणार. शहरातल्या अंध मुलांच्या निवासी शाळेची चौकशी करून झाली आहे. सासूबाई म्हणतात, "असलं लेकरू परक्याच्या दारी ठेवायचं नाही." नवरा म्हणतो, "ब्रेल आता जुनं झालं, मोबाइल सगळं वाचून दाखवतो." सासऱ्यांनी त्या दिवशी तंबाखू सोडली आणि तेव्हापासून बोलणंही जवळजवळ सोडलं. यंदा ४ जानेवारीला शाळेत, अंधांसाठी बोटांनी वाचायची लिपी काढणाऱ्या लुई ब्रेलची गोष्ट सांगून मुलाला स्टेजवर उभं केलं, टाळ्या झाल्या. रात्री अंथरुणात त्याने आईला विचारलं, "लुईच्या बाबांना कोणी रागावलं का?" तिला उत्तर सुचलं नाही. ती विचारते : त्याला काय सांगू? आणि त्याला पाठवू की नको?

ताई,

शाळेचं नंतर बघू. आधी तुमच्या लेकाचा प्रश्न. तो लुईच्या बाबांचं नाव घेऊन आजोबांबद्दल विचारतोय, हे तुमच्याही लक्षात आलंय. कदाचित स्वतःबद्दलही विचारत असेल, कारण ट्यूब त्याच्याच हातात होती. घरातला अबोला कुठल्याही पोराला कळतो. याचं तर सगळं जगच कानांवर चालतं.

स्टेजवर त्याने जी गोष्ट ऐकली ती मला न ऐकताही सांगता येईल. एक मुलगा होता, त्याचे डोळे गेले, त्याने हार मानली नाही, पंधराव्या वर्षी लिपी शोधली. टाळ्या. तिसऱ्या वर्षी डोळ्याला इजा झाली आणि पंधराव्या वर्षी लिपी झाली, मग मधली बारा वर्षं कोणी काय केलं? भाषणात ती एका वाक्यात उरकतात. तुमच्या घराला त्या बारा वर्षांशीच काम आहे, म्हणून ती जरा सावकाश सांगते.

कूव्रे हे पॅरिसच्या पूर्वेला साधारण चाळीस किलोमीटरवरचं गाव. तिथे सिमाँ-रने ब्रेल नावाचा गृहस्थ घोड्यांची खोगिरं, लगाम, पट्टे शिवायचा. आपल्याकडे ज्यांना जिनगर म्हणत, त्यांचं काम. जोडीला थोडा द्राक्षाचा मळा. बायकोचं नाव मोनिक. त्यांच्या चार मुलांतला लुई सगळ्यात धाकटा, जन्म ४ जानेवारी १८०९. वरची तिन्ही भावंडं बरीच मोठी, म्हणजे शेंडेफळच. बापाच्या कामाच्या जागेत चामड्याचे तुकडे, रापी, आरी असलं सगळं. तीन वर्षांचं पोर बापासारखं करायला गेलं, अणकुचीदार हत्यार निसटलं आणि डोळ्यात घुसलं. साल १८१२. जखम चिघळते ती जंतूंमुळे, हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं, मग ती थांबवणार कशी? एका डोळ्याचं दुखणं दुसऱ्यात गेलं आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांनी दिसायचं पूर्ण बंद झालं.

हत्यार बापाचं होतं, जागाही बापाचीच. आजोबांची उशी आणि आजोबांची ट्यूब, तसंच.

त्या बाबांनी पुढे काय केलं, ते लेकाला सांगा. त्यांनी पोराला काठ्या करून दिल्या, आणि त्या टेकत तो गावच्या वाटा एकटा चालायला शिकला. मग एक लाकडाची फळी घेतली आणि तिच्यावर गोल डोक्याचे खिळे ठोकून अक्षरं केली. खुर्चीची गादी, चामडं ठोकायला वापरतात तसले खिळे. पोराने बोट फिरवायचं आणि अक्षर ओळखायचं. एका अक्षराला किती खिळे लागत असतील? मी काल कागदावर ठिपके देऊन बघितलं. आपला 'अ' बोटाला नीट कळावा असा काढायचा तर पंचवीसेक ठिपके लागतात. त्यांची अक्षरं सोपी, म्हणून थोडे कमी धरा. तरी अख्खी लिपी म्हणजे काही शे खिळे, पोटापाण्याचं काम सांभाळून, आणि ज्याच्या हत्याराने पोराच्या डोळ्याला लागलं त्याच माणसाच्या हातांनी.

लिपीपेक्षा मला ती फळी मोठी वाटते. लोक मात्र वेगळीच गोष्ट रंगवतात : ज्या आरीने डोळे गेले तिनेच पुढे ठिपके टोचले, वगैरे. ऐकायला छान, पण ती नंतर जुळवलेली वाटते. ठिपके टोचायची पद्धत आणि अवजार लुईला दुसऱ्याकडून मिळालं, ते पुढे येईलच. फळी मात्र घरातलीच.

ही गोष्ट सांगताना तुमचे सासरे त्याच खोलीत असतील असं बघा. त्यांच्याकडे वळून काही बोलू नका. नुसतं ऐकू द्या.

आणि त्यानंतर, ताई, एक अवघड वाक्य तुम्हाला बोलावं लागेल. तुमच्या घरात पाच वर्षं "देवाची मर्जी, कोणाची चूक नाही" असं म्हटलं जातंय, असं तुम्ही लिहिलंय. मोठ्यांना त्याने आधार वाटतो. पण पोराला दिसतंय (हो, दिसतंयच) की आजोबांनी तंबाखू सोडली. चूक नव्हती तर सोडली कशाला? म्हणून त्याला सरळ सांगा : "चुना तिथे ठेवायला नको होता. ती चूक होती आणि आजोबांना ती कळली. तू चार वर्षांचा होतास, तुझी काहीच चूक नव्हती." एकदाच, नेहमीच्या आवाजात. रोज उगाळायचं नाही. त्याचा प्रश्न "रागावलं का" असा आहे. त्याला बहुधा हेच हवंय की जे रागावायचं ते कोणीतरी एकदाचं रागावून घ्यावं आणि आजोबांनी परत बोलायला लागावं.

इथे बाकीच्या वाचकांसाठी दोन ओळी. चुन्याची ट्यूब किंवा पुडी पोरांच्या हाताला येईल अशी ठेवू नका. दाबली की ती थेट तोंडावर फुटते. डोळ्यात चुना गेलाच तर तिथल्या तिथे, पापण्या उघड्या धरून, स्वच्छ पाण्याची धार अर्धा तास तरी चालू ठेवा. पांढरे कण निघून गेले पाहिजेत. तूप नाही, दूध नाही, फुंकर नाही. मग तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे, वाटेतही पाणी चालू.

आता सासूबाई. "परक्याच्या दारी ठेवायचं नाही" यात माया आहेच, भीतीही आहे, आणि ती भीती खोटी नाही. लुईचंच बघा. गावात पाल्युई नावाचे धर्मगुरू आले, त्यांनी त्याला शिकवायला घेतलं. मग बेशरे मास्तरांनी डोळस मुलांच्या शाळेत बसवून घेतलं. पोरगा हुशार, ऐकून सगळं लक्षात ठेवायचा. पण पुस्तकं उघडायची वेळ आली की हा हात मांडीवर ठेवून बसलेला. तुमच्या लेकाचा वर्ग तुम्ही लिहिलाय तो अगदी असाच. शेवटी गावातल्या बड्या असामींनी शब्द टाकला, पॅरिसच्या अंध मुलांच्या शाही संस्थेत शिष्यवृत्ती मिळाली आणि १५ फेब्रुवारी १८१९ ला दहा वर्षांचा लुई तिथे दाखल झाला.

ती शाळा म्हणजे काही स्वर्ग नव्हता. जुनी इमारत, ओल धरलेली, कोंदट. पुढे लुईला क्षय झाला, त्यात त्या ओलीचाही वाटा होता असं मानतात. ६ जानेवारी १८५२ ला तो गेला, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले होते. तेव्हा सासूबाईंना "तुम्हाला काय कळतंय" म्हणू नका. त्या उगाच घाबरत नाहीत. त्यांना बरोबर घेऊन जा आणि शाळा बघायचं काम त्यांच्यावर सोपवा. स्वयंपाकघरात डोकवायला, भिंतींना हात लावून ओल बघायला, संडासात पाणी आहे का ते पाहायला त्यांच्याइतकं तिखट माणूस तुम्हाला मिळणार नाही.

पण त्या ओलसर इमारतीत लुईला एक गोष्ट मिळाली जी कूव्रेत मिळणं शक्य नव्हतं : दुसरी न दिसणारी पोरं. गाब्रिएल गोतिए नावाचा त्याचा एक मित्र होता. पुढे तो चांगला ऑर्गनवादक झाला. लुईची लिपी पहिल्यांदा शिकणाऱ्यांत तो होता. एकट्या माणसाने अंधाऱ्या खोलीत बसून लिपी शोधली असं चित्र आपण काढतो, पण लिपी एकट्याची कशी असेल? आपण लिहिलेलं वाचणारा कोणी तरी लागतो, चुकलं की "हे कळत नाही" म्हणणारा लागतो.

तुमच्या पत्रात मी शोधत होते, तुमचा लेक आजवर दुसऱ्या एखाद्या अंध मुलाला भेटलाय का? कुठे दिसलं नाही. नसेल भेटला तर पाठवायचं की नाही हे ठरवण्याआधी ते करा. पाच वर्षं त्याला वाटत आलं असेल की असा आपण एकटेच, आणि दुसरा एक तो फ्रान्समधला, फोटोतला. त्याला असा पोरगा भेटू दे जो त्याच्यासारखाच आहे आणि महान वगैरे अजिबात नाही, उलट गृहपाठ चुकवतो.

अजून एक. तुमच्या दोन पानी पत्रात डोळे आहेत, शाळा आहे, सासर आहे. त्याला काय आवडतं ते एकदाही आलेलं नाही. रागावून सांगत नाही. पाच वर्षं दवाखाने केल्यावर कोणाचंही असंच होईल. पण लिहून काढा एकदा.

आता तुमच्या यजमानांचा मोबाइल. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. मोबाइल वाचून दाखवतो, तुमच्या लेकाला तो वापरता यायलाच हवा, आणि वापरायला आजच द्या. उरलेलं अर्धं सांगण्यासाठी माझा एक अनुभव. मी काही वर्षं अंध विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून परीक्षेला बसत असे. एकदा दहावीचा एक मुलगा मराठीचा पेपर सांगत होता. हुशार, तोंडी भाषा सुरेख. निबंधात त्याने 'दीनदुबळे' म्हटलं आणि मी सवयीने, लिहिता लिहिता विचारलं, "दी दीर्घ ना?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "मॅडम, 'दिन' एकच असतो ना? प्रजासत्ताक दिनातला?" त्याने दोन्ही शब्द हजारदा ऐकले होते. बोटाखालून एकही गेला नव्हता. सगळं शिक्षण कानांवर झालेलं, त्यामुळे जोडाक्षर कुठे तुटतं, परिच्छेद कुठे संपतो, अवतरणचिन्ह कुठे असतं, हे त्याला ऐकीव माहीत होतं. आपल्याला पोहणं माहीत असतं तसं, काठावर बसून. गणितात तर फारच हाल. लांबलचक समीकरण ऐकून डोक्यात धरून ठेवा बघू.

लुईचा सगळा झगडा याच जागी होता. तो शाळेत आला तेव्हा तिथे संस्थापक व्हॅलेंटिन आउई यांच्या पद्धतीची पुस्तकं होती. डोळस माणसं वाचतात तीच अक्षरं, कागदावर उठवलेली. पुस्तकं अवजड, आणि होती मोजकीच. एकेक अक्षराच्या कडेने बोट फिरवत जायचं. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायची. आणि मुलांना स्वतः तसं काही लिहिता येत नसे. मग १८२१ च्या सुमाराला शार्ल बार्बिए या जुन्या सैनिकी अधिकाऱ्याची ठिपक्यांची पद्धत शाळेत आली. कागद टोचायची पाटी आणि टोचणी त्याचीच. बोटाला रेघेपेक्षा ठिपका चटकन कळतो, ही मोठी गोष्ट त्याने पकडली होती. पण त्याची रचना उभ्या बारा ठिपक्यांपर्यंतची, दोन रांगांत सहा-सहा. एक खूण वाचायला बोट खालीवर करावं लागे. शिवाय ती खूण आवाजाची होती. शब्द कसा ऐकू येतो तेवढंच लिहायचं. शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत, संगीत नाही.

आज आपण मोबाइलबद्दल म्हणतो ना, "ऐकू येतंय की, आणखी काय हवं?" तसंच ते होतं. आणि त्याला "नाही, पुरत नाही" म्हणणारा एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा होता. बार्बिए त्याच्याहून चाळीसेक वर्षांनी मोठा. लुईने बाराचे सहा केले. तीन-तीनच्या दोन रांगा, बोटाचं पेर एकदा टेकलं की अख्खं अक्षर त्याखाली. सहा ठिपक्यांच्या त्रेसष्ट खुणा होतात. त्यात अक्षरं बसली, आकडे बसले, विरामचिन्हं बसली, पुढे संगीतही बसलं. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, मुख्य काम झालं होतं. १८२९ मध्ये त्याने ते पुस्तकात छापलं आणि सुरुवातीलाच बार्बिएचे आभार मानले.

त्यानंतरचं तुमच्या यजमानांना मुद्दाम ऐकवा. १८४० मध्ये शाळेला द्युफो नावाचे नवे संचालक आले आणि त्यांनी ही लिपी बाजूला सारली. डोळस शिक्षकांना ठिपके वाचता येत नसत, मग असली वेगळी लिपी पोरांना जगापासून तोडेल असं म्हणणं. पोरं ऐकतायत होय? ती आपापसांत ठिपक्यांतच लिहीत राहिली. १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनाला सहसंचालक ग्वादे यांनी तिचं जाहीर कौतुक केलं, आणि त्या शाळेने तिला रीतसर मान्यता दिली १८५४ मध्ये. लुई जाऊन दोन वर्षं झाली होती. काय चालेल आणि काय जुनं झालं, हे ज्यांना दिसतं त्यांनी ठरवायचं, ही खोड तेव्हाही होती. तुमचे यजमान वाईट नाहीत. लेकाला पाठवावं लागू नये म्हणून मोबाइलचा मुद्दा त्यांना सोयीचा पडतोय, असा माझा अंदाज. चुकीचा असेल तर माफ करा.

लुईने स्वतः दोन जगांतला धागा मात्र तोडला नाही. १८३९ मध्ये त्याने आणखी एक पद्धत काढली : अंध माणसाने ठिपके टोचून नेहमीची अक्षरं काढायची, म्हणजे घरच्यांना पत्र डोळ्यांनी वाचता यावं. खिळ्यांची फळी करणारे वडील तोवर गेले होते, १८३१ मध्ये. आजचा मोबाइल त्या दुसऱ्या पद्धतीच्या जागी आहे. तो हवाच, पण त्याने पहिलीची गरज जात नाही. आता तर मोबाइललाच जोडायची ब्रेल पट्टी मिळते, ठिपके आपोआप वर येतात. महाग आहे, आज घाई नको.

तर पाठवायचं का?

तुम्ही हे कायमचं असल्यासारखं विचारताय. जूनचा निर्णय जूनपुरता असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, ठरावीक टक्केवारीपुढचं अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जी हवी तिथे, मोफत शिकण्याचा हक्क दिलाय. म्हणजे पाचवीला तिथे गेला आणि सातवीला परत गावाजवळच्या शाळेत आला, तर कोणी उपकार करणार नाही. मला तुमच्या परिस्थितीत हाच रस्ता बरा वाटतो : एक-दोन वर्षं निवासी शाळेत, ब्रेल, काठी घेऊन चालणं, अबॅकस किंवा टेलर फ्रेमवर (खुंट्या बसवून आकडे मांडायची चौकट) गणित एवढं पक्कं करायला, मग घरी राहून नेहमीच्या शाळेत. लुईसुद्धा सुट्टीत कूव्रेला यायचाच. पण ही माझी पसंती, तुमची शाळा मी पाहिलेली नाही.

जाण्याआधी लेकाला घेऊन एक अख्खा दिवस तिथे काढा. शिक्षकांना स्वतःला ब्रेल वाचता येतं का, बोटांनी नाही तर डोळ्यांनी तरी, हे विचारा. शिक्षकांत कोणी अंध आहे का? रात्री मुलांजवळ कोण असतं? फोनवर मुलाला एकट्याने, शेजारी कोणी उभं न राहता, बोलू देतात का? या शेवटच्या प्रश्नावर कोणी टाळाटाळ केली तर इमारत कितीही नवी असो, परत फिरा. आणि सगळ्यात आधी लेकाला विचारा. पत्रात मोठ्या माणसांची मतं आहेत, त्याचं नाही.

शाळा पसंत पडली नाही, किंवा यंदा जीव झाला नाही, तरी वर्ष वाया घालवू नका. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना गाठा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आठवड्यातून किती तास आणि ब्रेल कोण शिकवणार, हे दोनच प्रश्न. मुंबईत वरळीला नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) ही अंधांसाठी काम करणारी संस्था आहे, ब्रेल पुस्तकांसाठी आणि बोलक्या पुस्तकांसाठी तिथे चौकशी करा. आणि पुढल्या ४ जानेवारीला स्टेजवर उभं करायचं असेल तर आधी त्याला विचारा, असं बाईंना गोडीत सांगून ठेवा.

घरी मात्र उद्यापासून सुरू करता येईल. सहा अंड्यांचं खोकं घ्या आणि सहा लिंबं. खोकं उभं धरायचं : डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन, उजवीकडे चार, पाच, सहा. आपली भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली, तीही लुईच्याच सहा ठिपक्यांवर, आवाजाला आवाज जुळवून. 'क' म्हणजे एक आणि तीन. 'म' म्हणजे एक, तीन, चार. 'ल' म्हणजे एक, दोन, तीन. झाला की 'कमल' लिहून. काना-मात्रा वर-खाली लटकत नाहीत, अक्षरापुढे स्वर येतो, म्हणून 'बाबा' म्हणजे ब, आ, ब, आ. लिंबं जमली की पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने मसुराचे दाणे. मग हळूहळू खरे ठिपके, त्याला बोट सरावायला, हलकं पडायला महिने लागतात. घाई करू नका, आणि बोट धरून ओढू नका. त्याचं बोट तुमच्या हातावर असू दे, तुमचं त्याच्यावर नको.

पाटीवर लिहिताना एक गंमत आहे, ती त्याला आवडेल. उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, आरशातल्यासारखं, आणि कागद उलटला की ठिपके वर येतात आणि डावीकडून वाचता येतात. टक, टक, टक. शाळेच्या वर्गात तीसेक पोरं एकदम लिहायला लागली की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाटतं.

सासरे तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. म्हणजे हातात हातोडी धरायची सवय आहे. त्यांना ब्रेल शिकायला सांगू नका, नाही म्हणतील. लेकाला सांगा की आजोबांना शिकव. डोळ्यांनी वाचायचं असेल तर ते काही आठवड्यांत येतं, आणि निवासी शाळेत गेल्यावर पोराला घरून एक तरी पत्र असं यायला हवं जे दुसऱ्या कोणी वाचून दाखवावं लागत नाही.

पाटी आणि टोचणी घ्याल तेव्हा दोन जोड घ्या.